अठ्ठावीस बेडचं विमान

आई छत्तीस वर्षं नर्सची नोकरी करून हॉस्पिटलातून निवृत्त झाली, त्याला तीन आठवडे झाले होते. एवढ्या काळात तिने घरातल्या सगळ्या उशांचे अभ्रे चार वेळा बदलले. परदेशातल्या ताईने हे ऐकलं आणि आईला बारा दिवसांच्या क्रूझवर पाठवायचं ठरवलं. जहाज जिथून सुटणार तिथपर्यंत चौदा तासांचा विमानप्रवास, तोही बिझनेस क्लासने. सोबत मी. ताईने मला फोनवर बजावलं होतं की आईने या बारा दिवसांत एकही काम करता कामा नये. काम न करण्याचा अनुभव घरात मलाच सगळ्यात जास्त, त्यामुळे निवड योग्य होती.

मला मात्र आईपेक्षा जहाजाची काळजी होती. त्यावर सात रेस्टॉरंट होती. नवव्या मजल्यावरून सातव्यावर जायला घसरगुंडी होती. मी ऑफिसात दोन महिने दुसऱ्या कशाबद्दल बोललोच नव्हतो, आणि लोकांनी माझ्यासोबत डबा खाणं सोडलं होतं. विमान अकराला उतरणार, जहाज संध्याकाळी पाचला सुटणार. मध्ये काही गडबड होता कामा नये, एवढंच माझं देवाकडे मागणं होतं.

बिझनेस क्लासमध्ये प्रत्येकाला स्वतःची लाकडी कपाटवजा जागा असते. खुर्चीच्या बटणांवर एका माणसाची चित्रं असतात. पहिल्या चित्रात तो बसलेला असतो, मग हळूहळू उलगडत जातो आणि शेवटच्या चित्रात आडवा होतो. आईने ती चित्रं बघितली आणि म्हणाली की यात उलटी करायची पोझिशन नाही.

दुपारी दोन वाजता, बाहेर लख्ख ऊन असताना, हवाईसुंदरींनी सगळ्या खिडक्या बंद करून रात्र झाल्याचं जाहीर केलं. श्रीमंत लोक निमूट झोपले. मी पण शेवटच्या चित्रापर्यंत गेलो. जाग आली तेव्हा आई जागेवर नव्हती.

ती राउंडवर होती.

तिला दोष देता येणार नाही. मंद दिवे, दोन्ही बाजूंना ओळीने आडवी माणसं, उशाशी बटण, पायाशी पांघरूण. अठ्ठावीस बेड. आई पहिल्या रांगेपासून निघाली होती. एकाचं पांघरूण खोचलं, एकाच्या मानेखालची उशी सरळ केली. तिसऱ्या रांगेतल्या एका धिप्पाड उद्योगपतीने झोपेतच तिचा हात धरला आणि मम्मी म्हणाला. आईने त्याची नाडी बघून घेतली. मुख्य हवाईसुंदरी तिला थांबवायला आली, तर आईने तिला विचारलं की दुसऱ्या रांगेतल्या आजोबांनी सकाळपासून पाणी का प्यायलं नाही. पाच मिनिटांनी ती मुलगी पाण्याचा ट्रे घेऊन आईच्या मागे मागे चालत होती. वडील हयात असताना तेही असेच चालायचे, आणि तिला सिस्टर म्हणायचे.

सहाव्या रांगेत आई थांबली. तिथे एक पन्नाशीचे डॉक्टर होते. साधे डॉक्टर नाहीत, आमच्याच जहाजाचे डॉक्टर. ड्युटीवर रुजू व्हायला निघाले होते. जेवताना त्यांनी आजूबाजूच्या चार रांगांना हे सांगितलं होतं. मी लगेच ओळख करून घेतली होती, कारण घसरगुंडीला रांग असते असं ऐकलं होतं.

डॉक्टर मान खाजवत होते. हॉटेलात ढेकूण होते म्हणे.

आई मागे फिरली, मला जागेवरून उठवलं आणि पडद्याआड चहा करतात त्या जागेत नेलं. मला तिचा चेहरा बघूनच कळलं.

"कांजिण्या आहेत," ती म्हणाली.

मी तिला समजावलं. तो डॉक्टर आहे, त्याला ढेकूण कळतात. शिवाय हे बाहेर फुटलं तर विमानतळावर आपल्या सगळ्यांना अडकवतील, जहाज पाचला सुटेल, घसरगुंडीवर दुसरेच लोक घसरतील. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की जहाजावर गरोदर बायका असतील, म्हातारी माणसं असतील.

"आई, तू सुट्टीवर आहेस."

"मी आहे. कांजिण्या नाहीत."

आता डॉक्टरांना सांगायचं कसं, हा प्रश्न मला पडला. आईला नाही. छत्तीस वर्षांत तिने कुठल्याच डॉक्टरला काही सांगितलेलं नाही. ती विचारते. डॉक्टरांना उत्तर आपलंच वाटायला लागेपर्यंत विचारते. तिच्या हॉस्पिटलात या पद्धतीने तीन डॉक्टर नावारूपाला आले.

ती डॉक्टरांच्या शेजारी टेकली. म्हणाली, मला यातलं काही कळत नाही, पण मानेवर हे पाण्याचे फोड, काही नवे, काही सुकलेले, अंगात कणकण, म्हणजे तुमच्या मनात काहीतरी येतच असेल. डॉक्टरांनी शर्टाच्या आत डोकावून बघितलं. मग सावकाश त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात शिकवणाऱ्या माणसाचं तेज आलं.

"कांजिण्या," ते म्हणाले. "मला टेकऑफपासूनच शंका होती."

"वाटलंच मला," आई म्हणाली.

पुढची दहा मिनिटं त्यांनी तिला कांजिण्या म्हणजे काय ते शिकवलं. आईने नवीन असल्यासारखं ऐकलं. मग त्यांनी स्वतःच तोंडाला मास्क लावून वैमानिकाला निरोप धाडला.

उतरल्यावर डॉक्टरांना काचेपलीकडे वेगळं ठेवलं आणि आम्हा उरलेल्या सत्तावीस जणांना प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या एका खोलीत बसवलं. आरोग्य अधिकारी बाई सरळ माणूस होत्या. ज्यांना कांजिण्या होऊन गेल्यात किंवा लस झाली आहे ते जाऊ शकतात. उरलेल्यांना तीन आठवडे इथल्या आरोग्यगृहात. एकेक जण उठून सांगत होता आणि सुटत होता. साडेबारा वाजले होते. घसरगुंडी अजून शक्य होती.

माझी पाळी आली. मी म्हणालो, झाल्यात, चौथीत, अंगभर.

अधिकारी बाईंनी पेन उचललं. आई माझ्या शेजारीच होती. तिने एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"त्याला झालेल्या नाहीत," ती म्हणाली. "स्केचपेनने काढल्या होत्या. पाठीवर एकही नव्हती, तिथे हात पोचत नव्हता."

खोलीतले उरलेले लोक माझ्या पाठीकडे बघू लागले. लस घेतली का, असं बाईंनी विचारलं. आईने सांगितलं की लशीच्या दिवशी हा पाण्याच्या टाकीमागे लपला होता आणि मी ड्युटीवर होते.

सोळा वर्षं मी या गोष्टीचा मनातल्या मनात अभिमान बाळगला होता. मी विचारलं की तेव्हा का नाही बोललीस.

"गणिताचा पेपर होता. तुला काही येत नव्हतं," ती म्हणाली. मग पुढे, "आणि मला पाच दिवस रजा मिळाली. नोकरीत तेवढीच घेतली मी."

आईने पर्स खुर्चीवर ठेवली आणि जाहीर केलं की तीही जाणार नाही, माझ्याजवळ राहील. तेवढ्यात काचेपलीकडून डॉक्टरांनी हात हलवला. जहाजाच्या दवाखान्यात आता एकटी नर्स होती, सहा महिन्यांपूर्वी पास झालेली. बदली डॉक्टर तिसऱ्या दिवशी पुढच्या बंदरात चढणार. तोपर्यंत कुणी जाणतं माणूस जवळ असलं तर, असं म्हणून ते थांबले. पुढचं त्यांना मागता येईना.

अभ्रे बदलताना आईचा तीन आठवडे जो चेहरा होता, तो गेला. मला सात रेस्टॉरंट आठवली. एकेक करून सातही आठवली. मग मी तिची पर्स उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणालो, जा, पाचला सुटतं.

तिने अर्ध्या मिनिटात मान्य केलं. मला वाटलं होतं निदान दोन मिनिटं लागतील.

जाण्याआधी तिने आरोग्यगृहाच्या सिस्टरला माझा चार्ज दिला. कागदावर लिहून, वर तोंडीही, मी तिथे नसल्यासारखा. पुरुष, वय पंचवीस. भूक उत्तम. अंघोळ सांगितल्याशिवाय करत नाही. मग पुढची एक ओळ तिने नुसतीच बोटाने दाखवली. सिस्टरने मान डोलावली. आईने माझ्या कपाळावर हात ठेवला, ताप बघितला की माया केली ते मला कळलं नाही, आणि ती भराभर निघून गेली.

सिस्टरने मला खिडकीजवळचा बेड दिला. कसं वाटतंय, असं विचारलं.

मी म्हणालो, एकदम मस्त, आई गेल्याचं काही वाटत नाही.

तिने कागदावरची ती ओळ पुन्हा वाचली आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.