आधी बूट काढा

मित्रांनो, मी ज्युदोची एक जुनी मॅट आहे. माझी कीव करू नका. मी रागात आहे.

मला एका तंबू शिवणाऱ्याने घडवलं. बाहेरून फाटक्या तंबूचं जाड कापड, आत लाकडाचा भुसा आणि चिंध्या. गोदामामागच्या खोलीत तो मुलांना सुरुवातीला फक्त पडायला शिकवायचा. हनुवटी छातीशी आणि पाठ टेकताना तळवा माझ्यावर फाडकन. "पाडायचं नंतर. आधी पडायला शिका," हे त्याचं पालुपद. शिकणाऱ्यांत त्याची मुलगीही होती. पडली की हसायची.

मला गुंडाळून, टेम्पोत घालून तो गावोगाव हिंडला. जिथे मला अंथरलं, तिथे मागे एक क्लब उभा राहिला. असे क्लब जोडत जोडत देशभराची संघटना झाली. संघटना झाली की खुर्च्या येतात. एक गोडबोल्या कंत्राटदार अध्यक्ष झाला. त्याने रबरी मॅट आणल्या, तंबूवाल्याला बैठकांना बोलावणं बंद केलं आणि मला कोठीत टाकलं. माझा एक कोपरा उंदरांनी खाल्ला. उंदरांवर माझा तेवढा राग नाही.

यंदा तंबूवाला गेला. पाठोपाठ संघटनेचा सुवर्णमहोत्सव आला आणि मी एकाएकी मौल्यवान ठरले. मला झटकून सभागृहात अंथरलं. शेजारी पितळी पाटी: 'संस्थापक अध्यक्षांची पहिली मॅट'. अध्यक्ष बुटांसकट माझ्यावर चढले.

"याच मॅटवर मी पडायला शिकलो," ते माइकवर म्हणाले.

मित्रांनो, माझ्यावर हजारो पाठी आपटल्या. ही पाठ त्यांत नव्हती.

पुढच्या रांगेतून तंबूवाल्याची मुलगी उठली. तिचेही केस आता पिकलेत.

"काका, बूट काढा."

"अगं, फोटो तर होऊ दे."

"काढा. आणि एकदा पडून दाखवा."

"या वयात? कंबर मोडेल माझी."

"बाबा मागच्या वर्षापर्यंत पडत होते."

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, पडायचंही कंत्राट देऊन टाका." सभागृह हसलं.

अध्यक्ष खाली उतरले. "घेऊन जा हा कचरा तुझ्या घरी," ते दात आवळून म्हणाले.

तिने चपला काढल्या, कडेला उभी राहून नमस्काराला वाकली आणि पडली. फाडकन. भुसा उडाला. या वेळी ती हसली नाही. उठलीही नाही लगेच. तळवा माझ्यावर तसाच ठेवून पडून राहिली. मग दोन म्हाताऱ्या प्रशिक्षकांनी तिच्याबरोबर मला गुंडाळलं. पाटी तिथेच राहिली, नुसत्या फरशीशेजारी.

आता मी तिच्या बाहेरच्या खोलीत असते. संध्याकाळी शेजारची पोरं येतात. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. मला जपायला तर अध्यक्षही आले होते. माझ्यावर यायचं असेल, तर आधी बूट काढा. मग पडा. हक्क त्यानंतर सांगा.