करडईच्या तेलाने अडलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची मोटार आहे. आज माझ्या अंगावर रिकामी पोती पडलेली असतात, पण एके काळी पुण्याच्या मैदानावर माझ्यापुढे कोणी जात नसे. तीन वर्षे एका साहेबाने मला पळवले. मग तो विलायतेला परत निघाला, आणि १९१३ साली नारायणगावचे तेलाचे व्यापारी दलीचंद मला घ्यायला आले.

त्यांनी माझा लाल रंग पाहिलाच नाही. एवढेच विचारले, "नारायणगावाहून पुण्याला किती वेळात येईल?"

"तीन तासांत," साहेबाचा ड्रायव्हर म्हणाला.

आदल्या वर्षी त्यांच्या बायकोला, जतनबाईंना, बैलगाडीतून पुण्याच्या दवाखान्यात नेत होते. वाटेतच, पेठ गावी, त्यांनी प्राण सोडला. दलीचंद हे कोणाला सांगत नसत. त्यांनी सुताराकडून माझ्या मागच्या बाजूला आजारी माणसाला आडवे होता येईल अशी बैठक करून घेतली आणि आठ दिवस मला चालवायला शिकले.

साहेबाने माझ्याबरोबर दिलेल्या डब्यातले इंजिनाचे तेल संपले. दलीचंद हसले. "तेल्याच्या घरी तेलाला तोटा?" त्यांनी दुकानातले सर्वांत चांगले, ताजे करडईचे तेल माझ्या इंजिनात ओतले. प्रेमाने ओतले, म्हणून मीही ते पिऊन टाकले.

नवव्या दिवशी शेतकरी चांगदेव धावत आला. त्याची बायको सरूबाई दोन दिवस बाळंतपणात अडली होती. सरूबाईला मागे निजवले, सासू ठमाबाई तिच्या उशाशी बसली, चांगदेव पुढे दलीचंदांशेजारी बसला आणि आम्ही निघालो. मी वाऱ्यासारखी पळाले. पेठ दिसू लागले, आणि इंजिन तापून जागच्या जागी बसले. हॅण्डल तसूभर हलेना.

रस्त्याने संपत गाडीवान चालला होता. "शेठ, बैल जुंपू का तुमच्या लाल म्हशीला?"

दलीचंदांनी त्याच्या बैलगाडीकडे पाहिले. "गाडी नको," ते म्हणाले. "या गावात पुन्हा नको." त्यांनी बाह्या सारल्या आणि माझे झाकण उघडले. आत सगळीकडे पिवळा चिकटा.

चांगदेवने तो बोटाने खरवडला. "शेठ, करडईचं तेल घातलं का काय? आमी त्येच कढवून मोटेच्या चामड्याला लावतो. वाळलं की दगड व्हतं!"

"मग साहेब काय घालत होता?"

कोपऱ्यात जुने काळे तेल साचले होते. ठमाबाईंनी ते हुंगले. "ह्ये तर एरंडेल! सात पोरांना पाजलंय म्या. ह्यो वास मी चुकन व्हय?"

मग काय विचारता! चांगदेवने घासलेट आणून माझ्या पोटात ओतले. संपत टिंगल विसरून चाके मागेपुढे ढकलू लागला. दलीचंद काडीने एकेक नळी साफ करत होते. ठमाबाई घरोघर गेल्या. पेठच्या बायका एरंडेलाच्या बाटल्या घेऊन आल्या. कोणाची बोटभर भरलेली, कोणाची अर्धी.

"पोरांचं एक येळचं ऱ्हाऊ द्या की, मावशी," एक जण म्हणाली.

"पोरं दुवाच देतील तुला!" ठमाबाई म्हणाल्या.

चांगदेवने हॅण्डल मारले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी गरजले. सरूबाई कण्हत म्हणाली, "चला की आता!"

दलीचंदांनी पेठ मागे टाकले आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडले. माझ्या आवाजात ते कोणाला ऐकू गेले नाही. मी ऐकले. दुपारी आम्ही दवाखान्यात पोचलो, आणि दिवेलागणीला सरूबाईला मुलगी झाली.

पुढे बारा वर्षे मी आजारी माणसे नेली. आता माझे टायर गेले आहेत. तरी ती मुलगी दर वर्षी बाटलीभर एरंडेल आणते, माझ्या इंजिनात घालते आणि हॅण्डल फिरवून पाहते. ते अजून फिरते.

मित्रांनो, दलीचंदांनी मला त्यांच्याजवळचे सगळ्यांत चांगले दिले होते. तुम्हीही द्या. फक्त देण्याआधी, ज्याला द्यायचे त्याला काय लागते, ते एकदा हुंगून पाहा.