उजवीकडून जॅक लावू नका

मी गाडी बोलतेय. चार दारांची, गोल दिव्यांची, बॉनेटच्या मधोमध नाकासारखी उभी रेघ असलेली जुनी गाडी. मला पाहिलं की लोक हमखास दोन गोष्टी करतात. आधी टायरला लाथ मारतात, मग छपरावर थाप मारून म्हणतात, "पूर्वीचं लोखंडच वेगळं हो!" लाथेतून त्यांना काय समजतं ते मला आजवर उमगलेलं नाही. त्या वाक्याने मात्र मी फुलून जायचे. खोटं ठाऊक असूनही फुलून जायचे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. यंत्राने पत्रा दाबला, त्याची दारं झाली. दोन पत्रे जोडले, त्यांची दाराखालची पट्टी झाली. ही पट्टी बाहेरून भक्कम दिसते, पण आत पोकळ असते आणि माझा अर्धा भार तिच्यावरच असतो. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्याभोवतीच घडलं.

पहिल्या दोन मालकांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिसरा मालक मामा. हा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं, की बंद पडलेल्या दुकानाची पाटीसुद्धा लोक थांबून वाचत. त्याने मला जिवापाड जपलं. रोज सकाळी फडकं, दर रविवारी पॉलिश. पण गंज बाहेरून येत नाही. पट्टीच्या पोकळीत पाणी शिरतं, त्याला निघायला वाट मिळत नाही, आणि ते तिथेच बसून आतून कुरतडत राहतं. एका रविवारी पॉलिश करताना मामाचा अंगठा उजव्या पट्टीतून आरपार गेला.

त्याने पहिल्यांदा काय केलं असेल? आजूबाजूला पाहिलं. कोणी पाहिलं तर नाही ना!

"तात्पुरतं भरून घेऊ," तो पुटपुटला, "मग सवडीने नीट वेल्डिंग करू."

'तात्पुरतं' म्हणून माणसं जे करतात, तेच जन्मभर टिकतं. मामाने भोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. त्यावर रंगाच्या डब्याचा पत्रा कापून बसवला. त्यावर पुट्टी, मग घासकाम, मग रंग. आणि रंग म्हणजे मामाचा! उजेडात धरा, सावलीत धरा, जोड दिसायची नाही. तो मागे सरून डोळे बारीक करून पाहत राहिला आणि खूश झाला. मीही झाले. त्यानंतर जिथे जिथे अंगठा गेला, तिथे तिथे तेच झालं. सवड काही आली नाही.

पुढे मामाच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची बदली झाली. त्याला रोज लांब जावं लागणार होतं. मामाने मोठ्या मनाने मला तिच्या दारात उभं केलं.

"घेऊन टाक," तो म्हणाला. "गंजाचा एक ठिपका दाखवलास तर मिशी उतरवीन."

खोटं बोलायला म्हणून तो आला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. द्यायचंच होतं त्याला. पण देताना रिकाम्या हाताने दिल्यासारखं वाटू नये, म्हणून ते वाक्य तोंडातून गेलं. आणि एकदा गेलं ते गेलं. नऊ वर्षं त्या घराने मला पळवलं. पुढे आई-बाबा, मागे उजव्या खिडकीशी त्यांची लहानगी मुलगी. तिच्या चपलांखाली काय होतं, ते फक्त मला आणि तिच्या मामाला ठाऊक होतं.

मग बाबा गेले, आणि मी मागच्या शेडमध्ये गेले. बारा वर्षं. टायर बसले, काचेवर धूळ साचली, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला.

या वर्षी नवा नियम आला. माझ्या वयाच्या प्रत्येक गाडीने ठरलेल्या तारखेला तपासणीला यायचं. चालत आली आणि पास झाली तर रस्त्यावर, नाहीतर थेट भंगारात. दुसरी तारीख नाही. त्या नियमाचं पत्र घेऊन जी शेडमध्ये आली, ती मागच्या सीटवरची मुलगी आता शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती. मामाची भाची. माझं दार उघडताना बिजागरीने किंकाळी फोडली, तशी ती म्हणाली, "ओरडू नकोस. तुला नेऊ देणार नाही मी."

आईने दारातूनच ऐकवलं, "स्वतःची खोली आवरायला सवड नाही, आणि ही निघाली गाडी वाचवायला!"

"चालू शकणारी वस्तू नुसती जुनी झाली म्हणून फेकायची? मग उद्या माणसांचीही तारीख ठरवाल."

"मला आत्ताच सांगून ठेव बाई, माझी कोणती तारीख आहे ते."

भाचीच्या मदतीला दोघं आले. एक ठिणगी. हा खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवणारा वेल्डर, शाळेपासूनचा मित्र. दुसरी दातवाली, म्हणजे दातांची डॉक्टर. दवाखाना दुपारी बंद असायचा, तेव्हा ती इथे यायची आणि कार्बोरेटरची भोकं अशी साफ करायची, की ठिणगी म्हणे, "आता याला चूळ भरायला लाव."

आणि मामा? मामा पहिल्याच दिवशी खुर्ची घेऊन आला. तब्येत खालावलेली, हात थरथरणारा, पण रोज हजर. सगळ्यांना वाटलं, जुन्या गाडीची माया. मायाही होतीच. पण कोणी जॅक हातात घेतला, की त्याची पाठ ताठ व्हायची.

"डावीकडून लावा. उजवीकडून नको."

"का हो मामा?"

"नको म्हटलं ना."

कोणी पुन्हा विचारलं नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा मान असा ठेवतात, की कारण विचारायचं नाही, हसायचं मात्र पाठीमागे. दातवालीला वाटलं, डावीकडे उजेड बरा असेल. ठिणगी म्हणाला, "मामांचा उजवा कान कमी ऐकतो, त्याचं काहीतरी असेल." महिनाभर काम डावीकडेच चाललं. डावी पट्टी खरीच भक्कम निघाली, आणि ती पाहून सगळ्यांनी उजवीलाही मार्क देऊन टाकले.

एकदा मात्र माझा श्वास अडकला. दातवालीने गंमत म्हणून आपली बारीक सळई काढली आणि माझ्या अंगावर टकटक करत फिरायला लागली. "कीड असली की आवाज बदलतो," ती म्हणाली. डावीकडे टण, टण, टण. मागून वळली. उजव्या चाकाशी आली. मला ओरडावंसं वाटत होतं, ठोक! आणि त्याच वेळी वाटत होतं, नको ठोकूस, एवढ्या वर्षांचं माझं नाव जाईल.

"अगं ए, ती गाडी आहे, दाढ नव्हे!" मामा खुर्चीतून ओरडला. "रंगावर ओरखडे काढू नकोस."

ती हसली आणि सळई खिशात ठेवली. मामाने कपाळावरचा घाम पुसला. मीही सुटले, आणि सुटल्याची लाजही वाटली. ती लाज आजही आहे.

परवा सोमवार होता. तपासणी शुक्रवारी. उजव्या बाजूचा सायलेन्सरचा पाइप तेवढा बसवायचा राहिला होता. माझा भार पेलणारे दोन लोखंडी टेकू ठिणगीने सकाळीच त्याच्या कारखान्यात नेले होते. जाताना त्याने बजावलं होतं, "दुपारी टेकू घेऊन येतो. तोवर कोणी खाली जायचं नाही. चाक काढलंत तर ते गाडीखाली आडवं सरकवून ठेवा." मामा बोल्ट आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेला होता.

भाचीला धीर म्हणजे काय ते ठाऊकच नाही. "जुने दोन बोल्ट तेवढे काढून ठेवू," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं काम. त्याची वाट बघत बसले तर शुक्रवार इथेच उजाडेल."

"ठिणगी काय म्हणाला होता?" दातवालीने विचारलं.

"ठिणगी बोलतो खूप. चल, जॅक दे."

जॅक उजव्या पट्टीखाली लागला. लोखंडाचं थंड डोकं त्या पुट्टीला टेकलं आणि मला माझं सगळं वजन एका वर्तमानपत्रावर आल्यासारखं वाटलं. एक दांडा, दोन दांडे, मी वर चालले. आत काहीतरी बारीक कुरकुरलं. त्यांना वाटलं, जुनी गाडी आहे, कुरकुरणारच.

चाक निघालं. दातवालीने ते न विसरता माझ्याखाली आडवं ढकललं. भाची पुठ्ठ्यावर झोपून आत सरकली. तिचं डोकं, खांदे, छाती, सगळं माझ्याखाली. बाहेर नुसते पाय.

"पाना दे. बारा नंबर."

रंगाला पहिली भेग पडली. केसाएवढी. मी चाकांवर जोर दिला, दारांवर जोर दिला, जे काही माझ्यात घट्ट होतं त्या सगळ्याने धरून ठेवायचा प्रयत्न केला. पण गाडीला हात नसतात. भेग बोटभर झाली. पुट्टीचा एक खडा भाचीच्या गालावर पडला.

"हे काय पडतंय गं?"

"माती असेल," दातवाली म्हणाली.

तेवढ्यात फाटक वाजलं. मामा. त्याने जॅक पाहिला, ती बाजू पाहिली, बाहेर आलेले पाय पाहिले. बोल्टची पिशवी त्याच्या हातातून सुटली.

"बाहेर ये!" एवढा मोठा आवाज त्याच्यात उरला असेल असं मला वाटलं नव्हतं. "बाहेर ये, तिथे लोखंड नाहीये!"

आणि तो धावला. गुडघे धरून चालणारा माणूस धावला. दोन्ही घोटे पकडून त्याने तिला फरपटत ओढलं, तिचं डोकं बाहेर आलं, आणि मी बसले. पट्टी बिस्किटासारखी चुरली, जॅक आत घुसला, आणि मी दाणकन त्या आडव्या चाकावर आदळले.

दातवालीने खाली वाकून चाकाशेजारच्या फटीत मूठ घालून पाहिली. मूठ आत गेली नाही. तिने मूठ मागे घेतली.

आवाज ऐकून आई धावत आली. टेकू घेऊन ठिणगीही पोचला. मामा जमिनीवर बसला होता. माझ्या फाटलेल्या पट्टीतून पिवळ्या कागदाचा बोळा लोंबत होता.

भाचीने तो ओढून काढला, उलगडला. "मामा," ती म्हणाली, "लोखंड नाही हे तुला कसं ठाऊक?"

त्याने सांगितलं. तो रविवार, अंगठा, डब्याचा पत्रा. सांगताना तो कोणाकडेच बघत नव्हता.

आईचा आवाज अगदी हळू होता. "दादा, नऊ वर्षं बसलो रे आम्ही हिच्यात. ही मागे झोपायची."

"करणार होतो गं नीट. सवडीने."

ठिणगीचा चेहरा लाल झाला होता. पण तो कामाचं बोलला. "मधे तीन दिवस आहेत. ही पट्टी कापून नवी बसवायला दोन दिवस जातील. अजून कुठे निघालं तर तारीख गेली, आणि गाडी गेली."

मामा एकदम उठला. "मी भरून देतो. हात थरथरतो, पण भरतो. तपासणारे रंगच बघतात. एकदा पास होऊ दे, मग सवडीने..."

शब्द अर्धाच राहिला. त्याचा त्यालाच ऐकू आला असावा.

"मामा," भाची म्हणाली, "पुट्टीला हात लावलास तर मी स्वतः हिला ढकलत भंगारात नेईन. अजून कुठे कुठे आहे?"

"एवढंच."

मी अशा अकरा जागा मोजल्या होत्या. माझ्या आयुष्यात मला बोलता येत नसल्याचा इतका राग कधीच आला नव्हता. ठिणगी काही म्हणणार होता, पण भाचीने त्याला हाताने थांबवलं. तिने पर्समधून खडूचा तुकडा काढला आणि मामाच्या हातात ठेवला. जोराने श्वास घेत नुसती उभी राहिली.

मामाने खडूकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तो मागच्या चाकाच्या कमानीपाशी वाकला आणि फुली मारली. एक तिच्या खिडकीखाली. एक दिव्यामागे. ज्या हाताची अक्षरं लोक थांबून वाचायचे, त्या हाताच्या फुल्या वेड्यावाकड्या येत होत्या. त्याच्या मागे दातवाली सळई घेऊन चालली होती. प्रत्येक फुलीवर एकदाच ठोकायची. थप्. थप्. थप्. चुरलेली पट्टी धरून अकरा झाल्या. मला हलकं वाटलं.

तो फाटकापर्यंत गेला आणि परत आला. माझं दार उघडलं, ड्रायव्हरच्या सीटखालचं रबर उचललं, आणि बारावी फुली मारली. ही मलाही ठाऊक नव्हती. कधी भरली असेल देव जाणे.

"आता नाही," तो म्हणाला. "आता खरंच नाही."

आईने त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. जेवायला बस म्हणाली नाही. तोही थांबला नाही.

आज बुधवार. मी चार टेकूंवर उभी आहे, चाकं नाहीत, अंगभर खडूच्या फुल्या. मामा काल आला, आजही आला. आई अजून त्याच्याशी बोलत नाही, पण खुर्ची तिनेच बाहेर आणून ठेवली. काल दिवसभरात चार फुल्या कापून नवा पत्रा बसला. आठ उरल्या आहेत, आणि त्यातल्या एकट्या पट्टीलाच दोन दिवस हवेत. शुक्रवारपर्यंत आठ होत नाहीत, हे ठिणगीला कळतं, भाचीलाही कळतं. ती शाळेतून रजा घेऊन आली आहे आणि प्रत्येकाला ओरडते आहे, की हळू काय चाललंय.

मी रस्त्यावर जाईन की भंगारात, मला माहीत नाही. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण तुमच्या शेडमध्ये, तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल, तर तिच्या छपरावर थाप मारून कौतुक करू नका. ठोकून बघा. आवाज बदलला तर विचारा. ज्याने भरलं तो समोर बसलेला असेल, तर त्याच्या वयाकडे बघून गप्प बसू नका. तो तुमच्या विचारण्याचीच वाट बघत असेल.

आणि ठिणगी, तुला माझं ऐकू येत नाही, तरी सांगते. किती फुल्या राहतील त्या राहोत. आता कापायचं पातं लावशील ते आधी ड्रायव्हरच्या सीटखाली लाव. तिथे भाची बसणार आहे.