खडकाखालची जागा

काताल्दोच्या फोर्तुनाताचं लग्न झालं ते युद्ध संपल्यावरच्या नवव्या वर्षी, ईस्टर उलटल्यावर. त्याच वसंतात पाद्रीबाबांनी चर्चच्या पायरीवर टोपीतून चिठ्ठ्या काढल्या आणि मोठ्या खडकाखालची जागा काताल्दोला लागली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. सप्टेंबरात अंड्यांनी जड झालेले बोई मासे त्या खडकाला अंग घासत जातात. तिथं जाळं टाकायचा हक्क त्या मोसमात त्याचा एकट्याचा. घरातला हिवाळा त्यावर निघायचा होता.

चौदा सप्टेंबरला दुपारी फोर्तुनाता ताट घेऊन आली. नव्या जावयानं मोसमाची पहिली मासळी सासऱ्याला पाठवायची, ही तिथली रीत. द्राक्षाच्या पानांवर सहा बोई मांडलेले. पोरीला पाचवा महिना होता, चढण चढून धाप लागली होती, तरी चेहरा फुललेला.

काताल्दोनं एक मासा उचलला आणि पाठीवरून अंगठा फिरवला. अंगठा मधोमध आत गेला. काटा तुटलेला. दुसऱ्याचाही तसाच. जाळ्यातल्या माशाचा काटा तुटत नाही, पाण्यात बाँब फुटला की तुटतो.

तीन दिवस त्याचं जाळं जवळपास रिकामं येत होतं. पहाटे ते ओढून तो बाजाराला गेला की मागं धडाका व्हायचा. त्याच्या वरच्या खोलीत दर सप्टेंबरला दूर उत्तरेकडच्या तोरीनो शहरातली एक शाळामास्तरीण शांतता हवी म्हणून येऊन राहायची. तिनं धडाक्याचं विचारलं, तेव्हा खाणीत सुरुंग लावतात असं सगळ्या गावानं सांगितलं. काताल्दोनंही तेच सांगितलं होतं. बाँबनं मासे मारणाऱ्या दुसऱ्यांच्या पोरांबद्दल तो कधी बोलत नसे.

तो वल्हं खांद्यावर टाकून धक्क्यावर उतरला. जावई विताल्यानो दगडावर ऑक्टोपस आपटून मऊ करत होता. माझ्या जागेवर बाँब टाकलास का, असं काताल्दोनं सरळ विचारलं.

"सासरेबुवा, समुद्राला कुंपण घातलंय होय तुम्ही?" विताल्यानो म्हणाला. "तीन दिवस जाळं टाकून आणलंत काय, शेवाळ?"

दोघंतिघं हसले.

"या धक्क्यावर तीन थोटे बसतात," काताल्दो म्हणाला. "पोरीला माझ्या विधवा करशील."

"ते येडे होते. माझा हात चुकत नाही."

वल्हं त्याच्या कानशिलावर बसलं. तो खाली पडला तसा काताल्दोनं त्याच्या दंडावर गुडघा रोवला, उजवा हात ओढून दगडावर धरला आणि बाजूला पडलेला लाकडी दांडका उचलला. तीनदा मारला. दुसऱ्या वेळेस हाडं मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. तिसऱ्या वेळेस विताल्यानोला ओरडताही येईना. कुणी मध्ये पडलं नाही.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, की हात जुळायला दोन महिने लागतील, तोवर मासे गेलेले असतील, मग पोराला आपल्याच होडीत घेऊ. संध्याकाळी फोर्तुनाता दारात आली, पण उंबरा ओलांडला नाही.

"बाबा, आता मला कोण घालणार खायला? तुम्ही?"

"मी घालीन."

"विष खाईन एक वेळ, तुमच्या हातचा घास नाही," म्हणाली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी काताल्दो खडकाखाली जाळं ओढत होता. विताल्यानोची होडी थेट समोर आली. फळ्यांत बांधलेला उजवा हात गळ्यात, ओठांत पेटलेली विडी, डाव्या हातात बाँबचा डबा. तो सासऱ्याकडे बघत होता. वात आखूड ठेवायची आणि डब्याजवळ जळत आली की फेकायचं, म्हणजे माशांना पळायला वेळ मिळत नाही. किती थांबायचं ते त्याच्या उजव्या हाताला ठाऊक होतं.

त्यानं वात विडीला लावली. काताल्दो होडीत उभा राहिला.

"फेक, पोरा. आता फेक."

विताल्यानो हसला आणि आणखी थोडा थांबला. डबा हातातच फुटला.

काताल्दोनं जाळं कापून सोडून दिलं. छाती फुटलेल्या त्या पोराला आपल्या होडीत ओढून घेतलं, कोट काढून वर टाकला आणि वल्हवत धक्क्याला आला. हात लावायला कुणी पुढं झालं नाही. त्याला उचलून पोरीच्या घराकडे नेताना चढणीवर दोनदा गुडघ्यांवर आला, पण ओझं खाली ठेवलं नाही. फोर्तुनातानं दार उघडलं, कोट उचलून रस्त्यावर फेकला आणि नवऱ्याला आत घेतलं.

विताल्यानो शुक्रवारी, सतरा सप्टेंबरला, सकाळी सातच्या सुमारास गेला. चोवीस वर्षांचा होता.