चाकांवरचं स्वयंपाकघर

पुण्याहून आलेल्या टेम्पोतून प्लायवूडचे गठ्ठे उतरायला लागले तेव्हा गुरुप्रसाद हेर्लेकर अंगणात नाचायचाच काय तो बाकी राहिला होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्याला वर्ष झालं होतं. वर्षभर तो फोनवर एकच गोष्ट बघत बसला होता, ती आज रुईकर कॉलनीतल्या त्याच्या दारात आली होती. मशीनवर कापलेल्या फळ्या, अॅल्युमिनियमचे पत्रे, बिजागऱ्या, दोन छोट्या खिडक्या, चिकटवायच्या रसायनाचे डबे आणि नकाशांची जाड गुंडाळी. हे सगळं नीट जोडलं की मोटारीच्या मागं ओढत न्यायची, आत दोघांना झोपता येईल एवढी खोली तयार होणार होती. खालचा लोखंडी सांगाडा आणि चाकं त्यानं शिरोलीत आधीच करून घेतली होती. आरटीओचे हेलपाटेही घालून झाले होते.

अनुजा दारातल्या कुंड्या बाजूला घेत होती.

"एवढं सगळं ठेवायचं कुठं?" तिनं विचारलं.

"ठेवायचं नाही, बांधायचं! आता आपण दोघांनी फिरायचं. हॉटेल नको, बुकिंग नको. तुला म्हटलं होतं की, रिटायर झालो की फिरवीन म्हणून."

म्हटलं होतं खरं. प्रत्येक बदलीच्या वेळी म्हटलं होतं. गडहिंग्लज, चंदगड, राधानगरी, गगनबावडा. दर वेळी अनुजानं घर आवरलं, भांडी पोत्यात भरली आणि नव्या गावात गॅसची शेगडी मांडली. पहिली बदली झाली तेव्हा ती कोल्हापुरातल्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि नुकतीच कायम झाली होती. तिनं राजीनामा दिला. त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली होती की गुरुप्रसादच्या लेखी ती कधी घडलीच नव्हती.

काम सुरू झालं. फळी वाकवून सांगाड्यावर बसवायची, रसायन लावायचं, चारी बाजूंनी क्लॅम्प आवळायचे आणि ते धरेपर्यंत कुणीतरी दाबून उभं राहायचं. उभी राहायची ती अनुजा. हातमोजे गुरुप्रसादच्या मापाचे होते, ते तिला सैल व्हायचे आणि रसायन आत शिरून बोटांची साल निघायची. ती रात्री खोबरेल लावायची आणि सकाळी पुन्हा फळी धरायची. पॉलिश पेपरनं घासून घासून कडा गुळगुळीत करायचं काम तिला आवडतही होतं. जुळलेल्या सांध्यावरून ती बोट फिरवायची आणि म्हणायची, "हे मात्र छान बसलं हं."

समोरच्या बंगल्यातले विजयसिंह घाटगे रोज खुर्ची घेऊन येऊन बसायचे. वडणग्याला त्यांचा ऊस आणि गोठा. माणूस दिलदार, पण आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "अरं इंजिनियर, ह्ये काय, घर हाय का कोंबड्यांचं खुराडं?" असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

एका दुपारी अनुजा नकाशा उलगडून बघत होती. खोलीच्या मागच्या बाजूला एक मोठं झाकण दाखवलं होतं.

"हे झाकण कशाला?"

"किचन आहे ते. झाकण वर उचललं की आत ओटा. शेगडी, पाण्याची टाकी, सगळं. बाहेर उभं राहून करायचं."

"करायचं म्हणजे कुणी?"

गुरुप्रसाद टेपनं माप घेत होता. "तो मोठा क्लॅम्प दे जरा," तो म्हणाला.

दोन-तीन दिवसांनी तिनं पुन्हा विषय काढला. "तिथं ओट्याऐवजी कपाट करता येईल का? कपडे राहतील, पुस्तकं राहतील. जेवायला काय, वाटेत कुठंही मिळतं."

"अगं, त्याचं वजनाचं गणित असतं. नकाशात आहे ते तसंच करावं लागतं. त्यात आपलं डोकं चालवायचं नसतं."

त्याच नकाशातली खिडकी त्यानं स्वतःच्या उशाशी यावी म्हणून हातभर सरकवून घेतली होती. अनुजानं त्या खिडकीकडं एकदा बघितलं आणि नकाशा गुंडाळून ठेवला. पुन्हा ती त्याबद्दल काही बोलली नाही.

थंडीच्या सुरुवातीला खोली तयार झाली. पांढरी, चकचकीत, पुढं गोलसर आणि मागं उतरती. गुरुप्रसादनं रविवारी सगळ्यांना बोलावलं. इचलकरंजीहून त्याची थोरली बहीण अक्का आली, पुण्याहून मुलगी अदिती आली, ऑफिसातले जुने सहकारी आले, विजयसिंह आणि त्यांच्या पत्नी राजनंदिनी आल्या. अनुजा पहाटेपासून पोहे आणि शिऱ्याच्या मागं होती.

नारळ फुटला, झेंडूची माळ घातली गेली. गुरुप्रसादनं एकेकाला आत बसवून गादी दाखवली, दिवे दाखवले, खिडकी उघडून दाखवली. मागचं झाकण मात्र त्यानं मुद्दाम बंद ठेवलं होतं. सगळ्यांचं बघून झाल्यावर त्यानं हाक मारली, "अनुजा, बाहेर ये. तुझ्याशिवाय हे उघडायचं नाही."

ती पदराला हात पुसत आली. त्यानं झाकण उचललं. आत चकचकीत ओटा, दोन बर्नरची शेगडी, हुकांना टांगलेले डाव आणि उलथनं, कोपऱ्यात नवा मिसळणाचा डबा.

"हे माझ्याकडून तुला," तो म्हणाला. त्याचा आवाज खरंच भरून आला होता. "तुझं नवं स्वयंपाकघर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का म्हणाली, "नशीब काढलंस गं बाई."

अनुजा ओट्याकडं बघत राहिली. मग साध्याच आवाजात म्हणाली, "म्हणजे तुम्ही आत पडून खिडकीतनं डोंगर बघणार, आणि मी मागं रस्त्यावर उभी राहून भाकरी थापणार. पस्तीस वर्षं घरात उभी होते, आता गावोगाव उभी राहीन."

कुणीतरी हसलं. विजयसिंहांनी तर मांडीवर थाप मारली. "वहिनी, लई बरोबर बोललासा! इंजिनियर, द्या की आता उत्तर!"

गुरुप्रसादचे कान तापले. महिनोन्महिने राबून केलेली वस्तू, आणि तिचं सगळ्यांसमोर असं हसं. उत्तर तर द्यायलाच हवं होतं.

"मग दुसरं काय येतंय तुला?" तो म्हणाला. "स्वयंपाकाशिवाय जन्मात केलंयस काय?"

हसणं थांबलं. अदिती "बाबा!" एवढंच म्हणाली. राजनंदिनींनी मान फिरवली. अक्का झेंडूच्या माळेकडं बघत बसली.

अनुजाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "शिरा गार होतोय," ती म्हणाली. "चला सगळी आत." आणि तिनं प्रत्येकाला स्वतःच्या हातानं वाढलं. गुरुप्रसादलाही वाढलं.

त्यानंतर ती भांडली नाही की रडली नाही. अदिती पुण्याला गेली. घरात विचारलेल्या गोष्टीचं उत्तर मिळत होतं, न विचारलेलं काही मिळत नव्हतं.

"शुक्रवारी आंबोलीला जाऊ," एक दिवस गुरुप्रसाद म्हणाला.

"तुम्ही जाऊन या."

"किती दिवस फुगून बसणार आहेस?"

"फुगले नाही. मला यायचं नाही."

मग तो इरेला पेटून एकटाच निघाला. बोलेरोच्या मागं खोली जोडली आणि गडहिंग्लज, आजरा करत संध्याकाळपर्यंत आंबोलीला पोचला. वाटेत लोक वळून बघत होते, पोरं हात हलवत होती. ते बघून त्याला बरं वाटलं, पण शेजारची सीट रिकामी होती, कुणाला सांगणार? एका खानावळीत जेवून त्यानं रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत मुक्काम केला.

सकाळी धुकं होतं. चहा करावा म्हणून त्यानं मागं जाऊन झाकण उचललं, शेगडी पेटवली आणि पातेलं हातात घेऊन उभा राहिला. आधी पाणी, हे ठीक. पण किती? साखर कधी? दूध तर त्यानं आणलंच नव्हतं. तेवढ्यात एक मोटार येऊन थांबली. खिडकीची काच खाली झाली.

"पावणं, चार चहा द्या. एक बिनसाखरेचा."

"हे हॉटेल नाही," गुरुप्रसाद म्हणाला.

"मग सकाळी सकाळी दुकान कशाला उघडून उभं ऱ्हायलायसा?" तो माणूस हसत खाली उतरला. त्याच्या मागं शाल पांघरलेली त्याची बायको उतरली. तिनं ओट्यावर बोट टेकवलं, शेगडीकडं बघितलं.

"घरातनं कुणी न्हाय आलं?"

"तिला बरं नाही," गुरुप्रसाद खोटं बोलला.

"बरं व्हायला पायजे. पण ह्या गारठ्यात, वाटंवर असं उघड्यावर उभं ऱ्हाऊन रांधायचं म्हणजे..." तिनं शाल आवळून घेतली. नवऱ्याला म्हणाली, "चला, फुडं बघू."

मोटार गेली आणि पाठोपाठ खडीचा एक ट्रक गेला. धूळ पातेल्यात बसली, ओट्यावर बसली, त्याच्या चष्म्यावर बसली. ट्रकच्या क्लीनरनं वाकून त्याच्याकडं टक लावून बघितलं. पाठ रस्त्याला आणि तोंड पत्र्याला करून गुरुप्रसाद उभा होता. समोर दरी होती म्हणे, पण इथून ती दिसत नव्हती. इथून फक्त शेगडी दिसत होती. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की ओटा त्याच्या कमरेच्या बराच वर येतोय. अनुजा त्याच्या खांद्यालाही पोचत नव्हती. तिच्या तर छातीला लागला असता. इतके दिवस ती शेजारी फळ्या धरून उभी होती, आणि एकदाही त्यानं तिला इथं उभी करून माप घेतलं नव्हतं.

त्यानं गॅस बंद केला आणि परत फिरला.

अनुजा स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. त्यानं दार लोटलं आणि तिच्यासमोर स्टूल ओढलं.

"त्या दिवशी माझं चुकलं," तो म्हणाला. "तसं बोलायला नको होतं."

तिनं जुडीतली पानं खुडणं थांबवलं नाही. "चार माणसांत बोललात. माफी मात्र इथं येऊन मागताय, दार लोटून."

"मग काय, सगळ्यांना परत गोळा करू?"

"करा असं म्हणत नाही मी." तिनं आता वर बघितलं. "शाळा सोडताना तुम्ही म्हणाला होतात, घराला तुझी गरज आहे. मला ते खरं वाटलं होतं. एवढी वर्षं मी जे केलं ते तुमच्या हिशेबी काहीच नव्हतं, हे कळायला हा पत्र्याचा डबा बांधावा लागला."

त्या दिवशी त्यानं मनाशी ठरवलं, पुन्हा सगळे जमले की बोलायचं. सगळ्यांच्या देखत, तिचं नाव घेऊन.

तशी वेळ लवकरच आली. अक्काची पंचाहत्तरी नृसिंहवाडीला होती. अभिषेक झाला, प्रसादाचं जेवण झालं, आणि मंडळी हॉलमध्ये सतरंजीवर टेकली. अदिती होती, गुरुप्रसादनं आवर्जून बोलावलेले ऑफिसातले ते सहकारी होते, विजयसिंह आणि राजनंदिनी होत्या. जाताना गाडीत गुरुप्रसादनं वाक्यं मनातल्या मनात घोळवली होती: त्या दिवशी मी जे बोललो ते खोटं होतं. ही नसती तर माझी नोकरी झाली नसती.

"काय इंजिनियर," विजयसिंहांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "तुमचा डबा फिरतोय का न्हाय?"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. समोर बायकांच्या ओळीत बसलेल्या अनुजानंही बघितलं. किती तरी दिवसांनी ती अशी सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती, आणि ती वाट बघतेय हे त्याला कळत होतं.

त्यानं तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर होते. पण सहकाऱ्यांचे हसरे चेहरे दिसले, विजयसिंहांची वर उचललेली भुवई दिसली.

"कुठलं हो," तो म्हणाला. "आमच्या मंडळींना घर सुटत नाही, काय करणार!"

हॉल हसला. विजयसिंह सगळ्यांत मोठ्यानं हसले. अनुजानं नजर काढून घेतली आणि राजनंदिनींना विचारलं, "तुमच्या सुनेचं कसं चाललंय?"

परतीच्या वाटेवर ती अदितीबरोबर मागच्या सीटवर बसली.

खोली पुढं विजयसिंहांच्या वडणग्याच्या शेतात गेली. तिथला राखणदार त्यात झोपतो. झाकणाच्या बिजागऱ्या गंजल्यात असं विजयसिंह सांगतात. गुरुप्रसाद एकदाही बघायला गेलेला नाही.

अनुजा आता राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये दहावीच्या मुलींना विज्ञान शिकवते. पहिल्या दिवशी ती निघाली तेव्हा गुरुप्रसाद गाडीची किल्ली घेऊन दारात उभा होता.

"सोडतो की," तो म्हणाला.

"नको. रिक्षा सांगितली आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या बाजूनं निघून गेली.