मेडशीच्या पुढं

धम्मपाल नांदायला चालला, असं गावात ज्यानं त्यानं म्हणून घेतलं. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? बायको तिकडं आयर्लंडात नर्स, नवरा इकडं रिसोडच्या बाजारात वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकणारा. आता नवराच बायकोच्या मागं निघाला म्हटल्यावर रिकामटेकड्यांच्या जिभेला चांगलं काम मिळालं. एकानं तर त्याच्या आईला, भागिरथाबाईला, तोंडावरच म्हटलं, "पोट्ट्याची ओटी भरा वं माय, सासरी चालला!" म्हातारी काय कमी होती? म्हणाली, "भरतो ना. तुयी बायको तुले घरून वावरापोत्तर नेत नाई, तं तू कायले जळतं रे?" गडी चालता झाला.

खरं सांगायचं तर धम्मपालला लोकांच्या बोलण्याचं काही नव्हतं. त्याला भ्या होतं ते इंग्रजीचं. बारावीत तिनं त्याला दोनदा आडवं पाडलं होतं. आणि विमान त्यानं पाहिलं होतं ते वांग्यांना पाणी देताना, डोक्यावरून जाताना. बायकोनं, पिंकीनं, सगळे कागद केले, व्हिसा आला, तर हा म्हणे, सोयाबीन निघू दे. सोयाबीन निघालं, तर तूर निघू दे. तूर निघाली, विकली, आणि गड्याला नवं कारण सापडेना.

तेव्हा पिंकी फोनवर ना रडली, ना भांडली. शांतपणे म्हणाली, "या खेपेले तुमी नाई आले, तं मीच नोकरी सोडून येतो. मले एकटीनं नाई जमून राह्यलं आता."

ती नुसतं बोलणारी नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. त्या नोकरीसाठी ती किती झिजली, हेही त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? आपल्या भित्रेपणापायी तिचं सगळं मातीत जाणार, या विचारानं त्याला जेवण जाईना. भावाला म्हणाला, "संघदीप, वावर तू पाह्य आता. मी जातो."

आता कोणाला खरं वाटणार नाही, पण लग्न झालं तेव्हा हीच पिंकी रिसोडच्या पुढं कधी एकटी गेली नव्हती. बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेली पोरगी वांगी तोडत बसते, हे धम्मपाललाच बघवेना. त्यानंच हट्ट धरून अकोल्याला तिचं नर्सिंगला नाव घातलं. आणि मग सुरू झाले ते रविवार. काय रविवार होते ते! सुट्टीला आलेली पिंकी परत निघायची. रिसोडच्या स्टँडवर अकोल्याची बस आत शिरायची, आणि ती थांबायच्या आधीच धम्मपाल तिच्या बाजूनं पळत सुटायचा. गळ्यातला लाल काठाचा दुपट्टा काढायचा आणि खिडकीतून नेमका सीटवर फेकायचा. एकदा दुपट्टा पडला की जागा आपली. मग त्या दुपट्ट्यावर कोणाचा बाप बसत नाही, हा आपल्याकडचा कायदाच आहे.

पिंकी खिडकीपाशी बसायची आणि धम्मपाल शेजारी दांडी धरून उभा. मालेगाव गेलं की मेडशी. तिथं बस जरा थांबायची. कागदावर गरम भजे, दोन कट चहा, आणि मग तो खाली राहायचा. पहिल्या खेपेला पिंकीनं त्याचा हातच सोडला नव्हता. "मेडशीच्या पुढं तू एकटी," तो म्हणाला होता. "पातूरचा घाट उतरला का अकोला आलंच समज. चुकली तं इचारजो. लेकराची माय पाहून इचारजो, ते खोटं नाई सांगत. पन गप नोको बसू." ती रडत होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि ह्याला वाटत होतं, जाऊ दे ते शिक्षण, चल माघारी. पण बस गेली. खिडकीतून बाहेर आलेला तिचा हात वळणापर्यंत दिसला. परतीच्या बसमध्ये धम्मपाललाही रडू आलं होतं. हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही.

नंतर पिंकी सरावली, मेडशीपर्यंत जायची गरज राहिली नाही. तरी हा जायचाच. भज्यांसाठी जातो म्हणायचा.

मग शिक्षण झालं, नोकरी लागली आणि तिकडची परीक्षा देऊन ती आयर्लंडला निघाली. नागपूरच्या विमानतळाच्या दारात त्यानं गळ्यातला दुपट्टा काढला आणि तिच्या खांद्यावर टाकला. "तठी जागा धराले मी नसन," म्हणाला. "तठी कोन जागा धरते, येडे का तुमी?" ती हसली, पण दुपट्टा घेऊन गेली. त्याला तीन वर्षं झाली.

आता त्याची पाळी. पिंकीनं फोनवर आवाज भरून पाठवले होते. वांग्यांना पाणी सोडून धम्मपाल बांधावर बसायचा आणि ऐकायचा. "आयका. नागपूर म्हनजे आपलं रिसोडचं स्टँड. तठी पाटी वाचाची अन नंबर जुळवाचा, बसचा जुळवतो तसा. दोहा म्हनजे मेडशी. तठी उतराचं, दुसऱ्या गाडीत बसाचं, बाहीर नाई पडाचं. इंग्रजी नाई आलं तं हिंदी बोला, हिंदी नाई समजलं तं हात जोडा. पन गप नोका बसू." हे शेवटचं ऐकलं की तो हसायचा. आपलेच शब्द बाई आपल्याला परत करून राहिली!

निघायच्या दिवशी आईनं बंडीच्या आतून खिसा शिवून दिला. पासपोर्ट, तिकीट, व्हिसाचा कागद, सगळं छातीशी. थैलीत ठेचा, ज्वारीचे पापड आणि एक सदरा. "माया जयभीम सांगजो पोरीले," म्हणाली. मग खिशाचा टाका पुन्हा ओढून पाहिला.

नागपूर पार पडलं. पाटी वाचली, नंबर जुळवला. विमान वर उठलं तेव्हा त्यानं खुर्ची अशी धरली, जशी बैलगाडी उलटताना धरतात. पण पडलं नाही बुवा ते. मग त्याला धीर आला.

दोह्याला उतरला आणि तोंडाचा आ तसाच राहिला. बापा बापा! मेडशी एवढी मोठी असते होय? चालून चालून पाय दुखले, पण नंबर सापडला. दारापाशी रांग लागायला लागली होती. धम्मपाल रांगेत उभा राहिला आणि त्याला स्वतःचं भारी कौतुक वाटलं. बारावी नापास माणूस एकटा दोह्यापर्यंत आला की नाही?

घसा कोरडा पडला होता. पाण्याचा नळ जरा लांब, कोपऱ्यावर दिसत होता. आता रांगेतला माणूस पाण्याला जातो तेव्हा काय करतो? जे रिसोडला रेशनच्या दुकानापुढं सगळी दुनिया करते तेच त्यानं केलं. थैली रांगेत ठेवली, तिचं तोंड नीट पुढं केलं आणि गेला. थैली आहे म्हणजे माणूस आहे. यात कोणाला काय सांगायचं?

पोटभर पाणी पिऊन परत येतो, तर रांग गायब! माणसं लांब भिंतीशी सरकवलेली, मधे त्याची थैली एकटी, आणि तिच्या भोवती गणवेशातले तिघं-चौघं. एकजण वायरलेसवर बोलत होता. "मायी हाय! मायी थैली हाय ते!" ओरडत तो धावला, तर एकानं हात आडवा घातला आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. मग आणखी जोरात विचारलं.

धम्मपालची वाचाच बसली. बारावीच्या पेपरात बसायची तशी. समोर विमानाचं दार, त्यापलीकडं पिंकी. हे दार बंद झालं तर ती नोकरी सोडणार. हात बंडीच्या खिशावर गेला. फोनमधले आवाज ऐकायची ती वेळ नव्हती, पण ऐकायची गरजही नव्हती. गप नोका बसू.

"साब," त्यानं हात जोडले. "नंबर लगाया था."

"क्या?" मागचा एक दाढीवाला शिपाई पुढं आला. उर्दू बोलणारा होता.

"नंबर, साब. हमारे उधर ऐसाच लगाते. थैली रखो, पानी पीके आओ. नंबर कोई नहीं लेता. उसमें मिरची का ठेचा है, माँ ने दिया. बीवी के पास जा रहा, साब. पहली बार."

शिपायानं त्याच्याकडं पाहिलं, थैलीकडं पाहिलं. मग साहेबाला काहीतरी सांगितलं. सांगता सांगता स्वतःच हसायला लागला. "हमारे गाँव में चप्पल रखते हैं," धम्मपालला म्हणाला. "मगर यहाँ नहीं, भाई. यहाँ सामान छोड़ा तो बम समझते हैं." पापड उघडले, ठेचा हुंगला, पासपोर्ट तपासला. दार बंद व्हायच्या आधी त्याच शिपायानं त्याला हाताला धरून आत सोडलं. विमानात धम्मपालनं थैली मांडीवरच घेतली, हवाईसुंदरी तीनदा सांगून गेली तरी. शेवटी तिनंच ती हळूच सोडवून खुर्चीखाली ठेवली, तर ह्यानं थैलीवर पाय ठेवला.

डब्लिनला विमानतळावरच्या साहेबानं काहीतरी विचारलं. "वाइफ," धम्मपाल म्हणाला. "नर्स." आणि हात जोडले. साहेबानं कागद पाहिले, शिक्का मारला.

बाहेर माणसांची ही दाटी. कोणी फुलं घेतलेली, कोणी पाट्या धरलेल्या. पिंकी कुठं दिसेना. मग बाजूच्या खुर्च्यांकडं नजर गेली. सगळ्या भरलेल्या, बूड टेकायला जागा नाही, लोक उभे. फक्त एक खुर्ची रिकामी, आणि तिच्यावर लाल काठाचा दुपट्टा. शेजारी पिंकी, ड्यूटीवरून तशीच आलेली, मान कलती होऊन झोपलेली. किती वाळली होती! एक हात मात्र दुपट्ट्यावर.

धम्मपालला आधी भीतीच वाटली. "अवं पिंके, उचल तो!" तो दबक्या आवाजात ओरडला. "अथी असं नाई ठेवत! पोलीस येतात!"

ती दचकून उठली. त्याच्याकडं पाहत राहिली. हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहू लागले.

"येऊ द्या पोलीस," ती म्हणाली. "तीन वर्षं झाले, घरातल्या एका खुर्चीवर हा असाच असते. कोनाले बसू देलं नाई. बसा आता."

धम्मपालनं दुपट्टा उचलून गळ्यात टाकला आणि बसला.