ओल्या फरशीचा दावा

ग्लेनिस पडली ती गोठवलेल्या वाटाण्यांच्या फ्रीजरसमोर. पाय सटकला, हात टेकला आणि मनगटात काहीतरी कट्‌कन मोडलं. ती पुरती आडवी झाल्यावर मागून नोएलीन ओरडली, "अगं जपून, तिथं पुसलंय मी!"

जपून! आता काय जपायचं होतं, डोंबल?

गावात हे एकच दुकान. शहरातल्या मालकाने परवडत नाही म्हणून टाळं ठोकलं, तेव्हा गावाने वर्गणी काढून ते विकत घेतलं. तेव्हापासून घरटी एक हिस्सा आणि घरटी एक पाळी. ग्लेनिस मंगळवारी गल्ल्यावर बसायची. तिची शाळेपासूनची मैत्रीण नोएलीन गुरुवारी फरशी पुसायची. पुसली की पिवळा फलक उभा करायचा, असा नियम होता. पण फलक हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्या लॉन बोल्सच्या क्लबाने नेला होता, नव्याने पेरलेल्या हिरवळीवर कुणी पाय देऊ नये म्हणून. हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावात शिडी एक, मोठा तंबू एक आणि पिवळा फलक एक, आणि तिन्ही वस्तू हव्या तिथे कधी सापडायच्या नाहीत.

डॉक्टरांनी मनगटात धातूची पट्टी बसवली आणि वसंत सरेपर्यंत जड उचलायचं नाही म्हणून बजावलं. वसंत म्हणजे कातरणीचा हंगाम. मेंढ्या कातरणाऱ्या टोळीबरोबर शेडोशेड फिरून स्वयंपाक करणं हाच ग्लेनिसचा धंदा, आणि वर्षाची चूल त्या कमाईवर पेटायची. ती कुणाची पगारी नोकर नव्हती, त्यामुळे भरपगारी रजा वगैरे लाड नव्हते. टोळी तिच्यासाठी थांबली नाही. त्यांनी कुठून तरी एक बाबा पकडून आणला, जो म्हणे दुपारच्या जेवणाला पाकिटातलं सूप देतो. हे ऐकून तिला मनगटापेक्षा जास्त दुखलं.

दुकानाचा विमा होता. मग तो कशासाठी उतरवला होता, शोभेला?

हाच प्रश्न तिने दुकान समितीच्या अध्यक्षाला विचारला. लिंडसे गव्हाची शेती मुलाकडे सोपवून मोकळा झालेला माणूस, सगळ्या समित्यांवर तोच. तो दारात उभा होता आणि त्याच्या हातात चीज-पास्त्याच्या लझान्याचं भांडं होतं.

"बायकोनं दिलंय. मश्रूम नाही घातलेत."

"विम्याचं काय, लिंडसे?"

"हं. हे बघ ग्लेन, तुझं ते जे काही झालं..."

"जे काही काय? पडले मी!"

"तेच ते. विमावाल्यानं सांगितलंय, चूक कुणाची यावर कुणी तोंड उघडायचं नाही. सॉरीसुद्धा म्हणायचं नाही."

"नको म्हणूस. फरशी ओली होती, एवढं तरी म्हण. तू गल्ल्यावर होतास. डोळ्यांनी बघितलंस."

लिंडसेने भांड्याकडे पाहिलं. "गरम करताना वरचा कागद काढून घे," तो म्हणाला. मग जाता जाता फाटकाशी थांबला. "दावा लावलास तर पुढच्या वर्षीचा वाढीव हप्ता आपल्याला झेपणार नाही. दुकान बसेल. आणि दुकानात तुझाही हिस्सा आहे, बाई. स्वतःवरच दावा लावणार आहेस का?"

त्याच्या पाठोपाठ सगळं गाव आलं. कुणी लझान्या, कुणी केक, कुणी मटणाचं सार. तिच्या फ्रीजरचं दार लागेना. सगळे बसायचे, कोंबड्यांची चौकशी करायचे, पाऊस नाही म्हणायचे आणि फरशीचा विषय निघाला की मूग गिळायचे. ग्लेनिसला वाटे, एखादं भांडं उचलावं आणि भिंतीवर आपटावं. पण तेही दोन हातांचं काम होतं.

नोएलीन मात्र रोज यायची. कपडे धुवायची, कोंबड्यांना दाणे टाकायची, ग्लेनिसचे केससुद्धा धुऊन द्यायची. एकदा न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये मान वाकवून, डोळ्यांत फेस जात असताना ग्लेनिसने विचारलं, "नोएलीन, मी पडले तेव्हा तू काय ओरडलीस?"

डोक्यावरची बोटं थांबली.

"काहीतरी ओरडले असेन बाई. घाबरले होते मी. आता नाही आठवत."

"तिथं पुसलंय मी, असं म्हणालीस."

"पाणी फार गरम नाही ना गं?" नोएलीन म्हणाली.

कुणाकडून नाही तरी हिच्याकडून ग्लेनिसने खऱ्याची आशा धरली होती, आणि हीच तिचं डोकं धूत धूत खोटं बोलत होती.

शुक्रवारी पबमध्ये नेहमीची मांसाची सोडत होती, तिकीट काढायचं आणि नंबर लागला तर मटण घरी न्यायचं. त्या आठवड्याची सगळी तिकीटविक्री ग्लेनिसच्या नावाने करायची, असं परस्पर ठरलं होतं. तिला पुढच्या टेबलावर बसवलं. लिंडसेने नोटांनी फुगलेलं पाकीट हातात घेतलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "आपल्या ग्लेनिसवर आलेल्या दुर्दैवी प्रसंगानिमित्त..." टाळ्या पडल्या.

ग्लेनिस उठली.

"दुर्दैव? माझ्यावर काय वीज पडली? पुसलेल्या फरशीवर पडले मी. मला भीक नकोय तुमची. माझा हंगाम बुडालाय. मी दावा लावणार आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "आणि दुकान बंद पडलं की दुधाला कुठं जाशील?"

"तुम्ही जाल तिथंच!"

तेवढ्यात बारजवळ खुर्ची सरकली. नोएलीन उभी होती, चेहरा लालबुंद.

"मी पुसली होती फरशी. साबण जास्त पडला होता. फलक नव्हता. आणि मी ओरडले ती पडल्यानंतर."

"नोएलीन, खाली बस!" लिंडसे ओरडला. "एक अक्षर बोलू नकोस!"

"बोलून झालं माझं. चुकलं, ग्लेन. सॉरी."

हा एक शब्द पहिल्या आठवड्यात मिळाला असता तर ग्लेनिस लझान्या खाऊन गप्प बसली असती. तिला ते स्वतःला पक्कं माहीत होतं. पण तेव्हापासून एकेक शेड हातची गेली होती. आता सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. बाईने आता डोळे पुसावेत, मैत्रिणीच्या गळ्यात पडावं आणि विषय मिटवावा, एवढीच त्यांची अपेक्षा. त्या नजरांनीच ती आणखी भडकली.

"बरं झालं बोललीस," ती नोएलीनला म्हणाली. "दावा मी लावणारच."

पाकीट टेबलावर ठेवून ती घरी गेली.

सोमवारी तालुक्याच्या गावी वकिलाची वेळ होती. त्या हाताने गाडी चालवणं शक्य नव्हतं, आणि आता गावात कोण तिला नेणार? ती कोट एका बाहीत अडकवून फाटकाशी उभी असताना नोएलीनची गाडी आली.

"बस. पट्टा मी लावते."

गावाबाहेरची धान्याची कोठारं मागे पडली.

"वकिलानं विचारलं तर काय सांगू?" नोएलीनने विचारलं.

"पबमध्ये सांगितलंस तेच."

"सगळं गाव मला शिव्या घालेल. दुकान हिनं बुडवलं म्हणतील."

"मलाही म्हणतील."

"तुला म्हणणार नाहीत गं. तुझा हात मोडलाय."

हे ग्लेनिसच्या मनातच आलं नव्हतं. तिला लिंडसेला धडा शिकवायचा होता, विमावाल्याला, त्या सगळ्या गप्प बसलेल्या माणसांना. आणि कागदावर नाव येणार होतं ते एकट्या नोएलीनचं.

हमरस्त्याच्या तिठ्यावर नोएलीनने गाडी हळू केली. "अजून मागे वळता येईल," ती म्हणाली. आवाजात विनवणी नव्हती, नुसतं विचारणं होतं.

ग्लेनिसला रागाने रडू आलं. गावाचा राग, साबणाचा राग, या बाईच्या चांगुलपणाचा राग. वळ म्हणावं असं तिला फार वाटलं. पण घरी थकलेल्या भाड्याचं पत्र येऊन पडलं होतं, आणि तिला या हाताने अजून चहाची किटलीसुद्धा उचलता येत नव्हती.

"चल," ती म्हणाली. "सरळ घे."